आधी विद्यार्थी व्हा, मग ऑनलाइन शिकवा : खान्देशातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

एप्रिल 2020 मध्ये मी पहिला ऑनलाइन तास घेतला. हजेरीपटावर 62 मुलं होती, स्क्रीनवर 9. त्या नवांतली दोन खाती माझीच होती, एक लॅपटॉपवरचं आणि एक मोबाइलवरचं. पन्नास मिनिटं मी तापीच्या खोऱ्यावर बोललो. शेवटी "काही शंका?" असं विचारल्यावर एकानं माइक सुरू केला आणि म्हणाला, "सर, तुमना आवाजच ई नही राह्यना."

पहिल्याच मिनिटाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. सर बोलत असताना मधे तोडायचं नाही, हे आम्हीच त्यांना शाळेपासून शिकवलेलं.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी कोर्स केले, परीक्षा दिल्या, दोनदा फी वाया घालवली, एक प्रमाणपत्र चुकीच्या नावानं मिळवलं, आणि शेवटी भूगोलाचे काही धडे असे तयार केले की मुलं ते खरंच बघतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही कॉलेजात तुम्ही नव्यानं रुजू झाला असाल आणि "ऑनलाइनचं काहीतरी करून घ्या" असं प्राचार्यांनी सांगितलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. क्रम मात्र मी सांगतो तोच धरा. बहुतेक जण तो उलटा धरतात : आधी प्रमाणपत्र, मग कॅमेरा, आणि मुलांचा विचार सगळ्यात शेवटी.

1. एक छोटा कोर्स करा, पण फक्त मोबाइलवर

स्वयम् या सरकारी मंचावर (2017 पासून सुरू आहे) चार आठवड्यांचा कुठलाही कोर्स निवडा. विषय तुमचा नसला तर उत्तमच. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे पडत नाहीत. अट एकच : तो लॅपटॉपवर करायचा नाही, घरच्या वायफायवरही नाही. मोबाइलवर, रोजच्या डेटा पॅकमध्ये, जमलं तर चोपडा–जळगाव एसटीत बसून.

सोबत एक वही ठेवा. व्हिडिओ कुठे बंद केला, कुठे पुढे सरकवला, कुठे वैताग आला, तेवढंच लिहायचं. माझ्या वहीत निघालं ते असं :

- बारा मिनिटांच्या वरचा एकही व्हिडिओ मी पूर्ण पाहिलेला नव्हता.
- शिकवणारे सर स्लाइड वाचून दाखवायला लागले की मी व्हॉट्सअपवर गेलेलो होतो.
- "नमस्कार, मी अमुक विभागाचा तमुक, आज आपण पाहणार आहोत" यात पहिलं दीड मिनिट जातं, आणि ते मी दर वेळी पुढे ढकललं.
- तक्त्यातली अक्षरं मोबाइलवर मुंगीएवढी दिसतात.
- व्हिडिओच्या मधे प्रश्न विचारला तर मी थांबून उत्तराचा विचार केला. शेवटी दहा प्रश्न एकदम आले की अंदाजे ठोकले.

ही वही कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडली. अक्राणी किंवा अक्कलकुव्याकडची मुलं रेंजसाठी टेकडीवर चढतात हे आपण ऐकलेलं असतं, पण भर उन्हात एसटीत गोल फिरणारं चक्र बघत बसल्याशिवाय ते अंगाला लागत नाही.

2. काय कशासाठी मोजलं जातं, ते आधी बघा

आता प्रमाणपत्रांकडे. त्यांना नाक मुरडून चालत नाही, पदोन्नती त्यावर अडते.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 वर जायला पीएच.डी. असेल तर 4 वर्षं, एम.फिल. असेल तर 5 आणि दोन्ही नसेल तर 6 वर्षं सेवा लागते. शिवाय 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स, म्हणजे अध्यापनाची ओळख करून देणारा. त्यावर आणखी एक गोष्ट : रिफ्रेशर (विषयाच्या उजळणीचा) किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, किंवा किमान आठवडाभराच्या दोन कार्यशाळा, किंवा ई-प्रमाणपत्रासह एक मूक कोर्स, किंवा चार भागांतलं ई-साहित्य स्वतः तयार करणं. (मूक म्हणजे कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन कोर्स, नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय. आमच्या स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांनी विचारलं होतं, "मूक कोर्स म्हणजे आवाज बंद ठेवून करायचा का?" माझा पहिला तास आठवून मी गप्प बसलो.)

इथे दोन खड्डे आहेत. एक, मूक कोर्सच्या नादात लोक ओरिएंटेशन विसरतात. तो वेगळा आहे आणि सुटत नाही. दोन, प्रमाणपत्राची तारीख तुमच्या मूल्यमापनाच्या काळातच पडली पाहिजे. रुजू होण्याच्या आधी हौसेनं केलेला कोर्स कामाला येत नाही. नियम बदलतही असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजच्या आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयकांना चालू परिपत्रक दाखवायला सांगा. तोंडी "चालतं हो" वर जाऊ नका.

लॉकडाऊनमध्ये गूगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवले की रंगीत प्रमाणपत्र यायचं. माझ्याकडे अशी 31 आहेत. मुलीनं त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली, तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

खरे पर्याय मला चार दिसतात.

स्वयम् आणि एनपीटीईएल. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. विज्ञान–अभियांत्रिकीकडे झुकलेलं, पण अध्यापनशास्त्राचेही कोर्स तिथे असतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेनं त्यांचा 8 आठवड्यांचा कोर्स एका एफडीपीइतका (प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाइतका) धरतात, 12 आठवड्यांचा दीड एफडीपी, 4 आठवड्यांचा अर्धा. म्हणजे एकट्या चार आठवड्यांच्या कोर्सवर भागेल असं समजू नका.

मालवीय मिशन. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीचं सरकारी मिशन, 2023 मध्ये सुरू झालं. पूर्वीच्या एचआरडीसी (विद्यापीठांतली प्राध्यापक-प्रशिक्षण केंद्रं) आता याच नावानं चालतात. जुने लोक अजूनही "स्टाफ कॉलेज"च म्हणतात. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, गुरुदक्षता (नव्या प्राध्यापकांचं सुरुवातीचं प्रशिक्षण) यांतलं बरंच ऑनलाइन होतं. नोंदणी यूजीसीच्या पोर्टलवर.

स्पोकन ट्युटोरियल, आयआयटी मुंबईचं. पदोन्नतीसाठी नाही, हात बसवण्यासाठी. दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यांतले बरेचसे मराठी आवाजात. अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर आपण करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. संगणकाची भीती असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

चौथा, शेजारच्या कॉलेजातली आठवडाभराची कार्यशाळा. चांगली असते तेव्हा फार चांगली असते. पत्रिकेवर उद्घाटन आणि समारोप यांनाच दोन दिवस दिलेले दिसले, तर जाऊ नका.

3. नोंदणी, फी, परीक्षा

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी सांगतो. कोर्सला नाव नोंदवणं म्हणजे परीक्षेला बसणं नव्हे. एनपीटीईएलला शिकणं फुकट, पण परीक्षेचा अर्ज मधल्या काळात वेगळा भरावा लागतो आणि त्याची 1000 रुपये फी वेगळी. पहिल्या वर्षी मी आठ आठवडे नियमित गृहपाठ केला आणि अर्जाची तारीख कधी गेली ते कळलंच नाही.

गुणांचं गणित असं : गृहपाठाला 25, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगले 8 गृहपाठ धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये 6. म्हणजे लग्नसराईत दोन आठवडे बुडले तरी जीव जात नाही. मात्र गृहपाठात 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. एकूण 60 ला एलिट, 75 ला रौप्य, 90 ला सुवर्ण असे शेरे मिळतात.

सत्रं जानेवारी आणि जुलैची. जुलैच्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या धामधुमीत येते. पर्यवेक्षणाची ड्यूटी लागण्याआधीच परीक्षेची तारीख प्राचार्यांना लेखी कळवून ठेवा. केंद्रांची यादी अर्ज भरतानाच दिसते. आपल्या जिल्ह्यातल्या जागा भरल्या की दुसऱ्या शहराची वारी घडते, म्हणून अर्ज सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात भरा.

नावाचं प्रकरण वेगळंच. आमच्या स्टाफरूममध्ये "पाटील सर" अशी हाक मारली की चार माना वर होतात. त्यामुळे अर्जावर आद्याक्षरं चालत नाहीत. सेवापुस्तकात जसं आहे तसंच, तीनही नावं, त्याच क्रमानं लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमनी हे दोनदा तपासावं, पीएच.डी. माहेरच्या नावानं, सेवापुस्तक सासरच्या आणि आधार तिसऱ्याच क्रमानं, असं हमखास असतं.

ईमेल स्वतःचा द्या. मी कॉलेजच्या पत्त्यावर खातं काढलं होतं. कॉलेजनं वेबसाइट दुसऱ्याकडे दिली, जुने पत्ते बंद झाले, आणि माझं प्रमाणपत्र त्या बंद डब्यात राहिलं.

4. एकच धडा बनवा

अख्खा पेपर ऑनलाइन करायला बसू नका. एक धडा, आणि तो चार भागांत : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा, स्वाध्याय. यालाच ते फोर क्वाड्रंट म्हणतात. यूजीसीच्या गुणतक्त्यात अशा एका मॉड्यूलला 5 गुण आहेत, पण ते नंतर बघू.

माझा धडा तापीवर होता. पहिल्या मसुद्याचं शीर्षक "तापी नदीप्रणाली : उगम, लांबी, उपनद्या व महत्त्व". पंचवीस स्लाइड. वहीकडे बघितलं आणि सगळं फेकून दिलं. धड्याला विषय नसावा, प्रश्न असावा, हे तेव्हा उमगलं. मग प्रश्न शोधला :

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीला अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर आहे, तरी ती पाठ फिरवून पूर्वेला जाते. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते आणि 724 किलोमीटर चालत पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते. असं का?

पहिल्या वीस सेकंदांत एवढंच. नमस्कार नाही, परिचय नाही. प्रश्न विचारून मी थांबतो आणि स्क्रीनवर लिहून येतं : "व्हिडिओ थांबवा. एक ओळ लिहा." आयआयटी मुंबईच्या अध्यापकांनी ऑनलाइन कोर्सची जी पद्धत घडवली तिच्यात याला रिफ्लेक्शन स्पॉट म्हणतात, विद्यार्थ्यानं आधी स्वतःचा अंदाज बांधायचा, मग सरांचं ऐकायचं. पुढे सहा मिनिटांत पठाराचा पूर्वेकडचा उतार, सातपुडा आणि अजिंठा–सातमाळा यांच्यामधली खचदरी (जमीन खचून झालेली दरी), आणि त्या दरीतून वाट मिळालेली तापी. सगळं एका हातानं काढलेल्या चित्रावर. चित्र कागदावर स्केचपेननं काढलं आणि वरून मोबाइल धरला. सॉफ्टवेअर नाही, काही नाही.

वाचायचं साहित्य म्हणजे तुमच्या जुन्या नोट्स नव्हेत. समोर शिक्षक नसताना मूल एकटं वाचणार आहे. हे कसं लिहितात ते बघायचं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं एखादं पुस्तक उघडा. 1989 पासून ते असं लिहितायत : छोटे घटक, मधे मधे "स्वतःला तपासा", शेवटी उत्तरं. दोन पानांवर जाऊ नका.

स्वाध्यायात मी आधी विचारलं होतं, "तापीची लांबी किती?" सगळ्यांना पैकीच्या पैकी, गूगलला कोण हरवणार. मग प्रश्न बदलला : "तुमच्या गावाजवळच्या नाल्याचं पाणी तापीपर्यंत कसं जातं, वाट लिहा." आणि हेच चर्चेलाही ठेवलं.

त्या आठवड्यात चर्चेचा भाग पहिल्यांदा जिवंत झाला. धुळ्याच्या मुलीनं पांझरा कशी मुडावदला तापीला मिळते ते लिहिलं, सोबत कपिलेश्वराच्या मंदिराचा फोटो. मुक्ताईनगरकडच्या एकानं चांगदेवचा पूर्णा–तापी संगम टाकला. आणि धडगावकडच्या एका मुलानं लिहिलं : "सर, आमचा नाला नर्मदेला जातो. मग आम्ही तापी खोऱ्यातले नाहीच का?" बरोबर होतं त्याचं. सातपुड्याचा कणा ओलांडला की पाणी उत्तरेला वळतं. माझ्या पंचवीस स्लाइडमध्ये हे कुठेच नव्हतं, आणि जलविभाजक शिकवायला त्याच्याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. पुढचा धडा त्याच्याच प्रश्नावर केला.

मुलांना अहिराणीत, पावरीत, भिलीत जशी जमेल तशी उत्तरं बोलून पाठवायची मुभा द्या. लिहायला लाजणारी मुलं व्हॉइस मेसेजवर भरभरून बोलतात. गुण द्यायचे ते आशयाला.

चित्रांबाबत एक धोक्याची सूचना. गूगलवरून उचललेला भारताचा नकाशा कधीही वापरू नका, त्यात सीमा चुकीच्या असू शकतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा घ्या, तो मोफत मिळतो. बाकीची चित्रं विकिमीडिया कॉमन्सवरून, परवाना वाचून, श्रेय देऊन. स्वतः काढलेला फोटो असला तर सगळ्यात बरं.

5. आवाज, उकाडा, वीज, फॉन्ट

चित्र वाईट चालतं, आवाज वाईट चालत नाही. माइकवाला साधा इअरफोन पुरेसा आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद करून बसणं म्हणजे तपश्चर्या, पण पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये हेलिकॉप्टरसारखी येते. मी पहाटे पाचला रेकॉर्ड करतो. उकाडा कमी, वरातीचा बँड नाही, दळणाची गिरणी बंद. खोली घुमत असेल तर खिडकीवर आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. स्टुडिओवाले याचेच पैसे घेतात.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं तर ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सलग आठ मिनिटं बोलू नका. वीज जाऊन मधेच लॅपटॉप बंद पडला तर सगळं जाऊ शकतं. दोन-दोन मिनिटांचे तुकडे करा.

प्रत्येक व्हिडिओची नुसती ऑडिओ प्रतही द्या. 32 किलोबिटला साठवलेला दहा मिनिटांचा ऑडिओ सुमारे अडीच एमबी होतो. कापूस वेचताना कानात घालून ऐकणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे व्हिडिओपुरता डेटा नसतो आणि हातही मोकळे नसतात.

मराठी, हिंदी, इतिहासवाल्यांसाठी खास : जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या तशाच चढवू नका. तुमच्या संगणकावर झकास दिसतील, मुलांच्या मोबाइलवर किडे-मुंग्या. आधी युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. कंटाळा आला तर गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग लावून वाचून काढा, मला तेच सोपं गेलं.

6. कुठे ठेवायचं?

यावर लोक उगाच भांडतात. कॉलेजात मूडल (धडे आणि स्वाध्याय ठेवायची मोफत प्रणाली) बसवलेलं असेल तर मूडल, नसेल तर गूगल क्लासरूम. मोफत खात्यावर झूम 40 मिनिटांनी तुटतं, गूगल मीट तासाभरानं.

व्हॉट्सअप निरोपापुरतं ठेवा. आणि एक चूक करू नका : साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. वर्गातल्या मुलींना त्याचा त्रास होतो आणि त्या न सांगता ग्रुप सोडतात. कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप काढा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

7. फाइल

कोर्स सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा :

- सेवापुस्तकातल्या नावाशी जुळणारं ओळखपत्र. परीक्षेला मूळ प्रतच लागते.
- नेमणुकीचा आदेश आणि विद्यापीठाचं मान्यतापत्र.
- प्राचार्यांचं ना हरकत पत्र, जावक क्रमांकासह. जावक क्रमांक नसलेलं पत्र नंतर कुणी ओळखत नाही.
- कर्तव्य रजेचा मंजूर अर्ज. ऑनलाइन कोर्स असला तरी मागा. सकाळी तीन तास, दुपारी रिफ्रेशर आणि संध्याकाळी टेस्ट असं करून मी आजारी पडलोय.
- पासपोर्ट फोटो, सही स्कॅन केलेली.

झाल्यावर ठेवायचं ते : प्रमाणपत्र, फीची पावती, कोर्सचा अभ्यासक्रम किंवा वेळापत्रक, हजेरीची नोंद. स्वतः बनवलेल्या धड्यासाठी चारही भागांच्या लिंक, तयार केल्याची तारीख, किती मुलांनी स्वाध्याय सोडवला त्याचा स्क्रीनशॉट आणि विभागप्रमुखांची सही. ही सही धडा झाला त्याच आठवड्यात घ्या. चार वर्षांनी विभागप्रमुख दुसरेच असतात, आणि आधीच्यांच्या काळातल्या कामावर सही करायला कुणी तयार होत नाही.

लिंक फाइलला लावण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा. शिपाईदादाच्या, नाहीतर कॅन्टीनवाल्याच्या. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर ती नेहमीच उघडते. पदोन्नतीच्या समितीपुढे मात्र "परवानगी मागा" असं दिसतं.